तुरुंगांतील बाग आणि सुटकेचा दिवस

तुरुंगाच्या फाटकाला दोन बाजू असतात. परंतु तुरुंगाचे नियम बहुधा एकाच बाजूचा विचार करून केलेले असतात. कैदी आंत आला म्हणजे त्याचें वजन करावें, त्याच्या अंगावरील कपडे गांठोड्यांत बांधून ठेवावे, त्याला बिल्ला द्यावा, काम नेमून द्यावें, येथपर्यंत सर्व कांहीं बारकाईनें लिहिलेलें असतें. सुटकेच्या दिवशीं मात्र तें गांठोडें परत करावें आणि घरीं पोहोंचण्यापुरतें भाडें द्यावें, यापलीकडे फारसें कांहीं आढळत नाहीं. वास्तविक शिक्षा भोगणाऱ्या बहुतेक माणसांना एक ना एक दिवस त्या फाटकांतून बाहेर पडावयाचेंच असतें. त्या दिवसाची तयारी आंत असतांनाच व्हावी म्हणून गेल्या पावणेदोनशें वर्षांत निरनिराळ्या देशांत जे उद्योग झाले, त्यांत बागाइतीचा उद्योग विशेष लक्षांत घेण्याजोगा आहे. कारण त्यांत यशही पुष्कळ आलें आणि फसगतही पुष्कळ झाली.

आपल्याकडील जुन्या तुरुंगांना बाग ही नवी गोष्ट नव्हती. इंग्रजी अमदानींत मोठ्या तुरुंगाच्या भिंतीला लागून भाजीपाल्याचा मळा असावयाचाच. त्यामागील कारण मात्र अगदीं वेगळें होतें. ताजी भाजी मिळेनाशी झाली म्हणजे कैद्यांना स्कर्व्ही हा रोग जडे. हिरड्या सुजून त्यांतून रक्त येई, जखमा भरून येत नसत, आणि धडधाकट माणूस कामाला निरुपयोगी होई. यास्तव पालेभाजी, लिंबू, चिंच यांची तजवीज तुरुंगानें स्वतःच ठेवणें भाग होतें. मळा घरचा असल्यानें खर्चही वांचे. सुपरिंटेंडेंटसाहेबांच्या बंगल्यापुढील गुलाबाचे ताटवे हा या व्यवस्थेचा आणखी एक लाभ; तो नियमांत लिहिलेला नसे, इतकेंच. सारांश, बाग तुरुंगासाठीं होती. तींत वर्षानुवर्षें खुरपें चालविणाऱ्या माणसाचें पुढें काय, हा प्रश्न कोणी विचारीत नसे. १९१९-२० सालीं सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालीं बसलेल्या समितीनें हिंदुस्थानांतील तुरुंगांचा कारभार तपासला, तेव्हां कैद्याला सुधारण्याच्या कर्तव्याकडे येथें दुर्लक्ष झालें आहे, असें तिला स्पष्टपणें नमूद करावें लागलें.

जमिनीच्या संगतींत माणूस सुधारतो, ही कल्पना मात्र त्यापूर्वींच युरोपांत रुजली होती. फ्रान्समधील तूर शहराजवळ मेत्रे या गांवीं १८४० सालीं बालगुन्हेगारांसाठीं एक शेतकी वसाहत सुरू झाली. तिचे संस्थापक द्मेत्स हे पॅरिसमध्यें न्यायाधीश होते. अजाण मुलांना तुरुंगांत धाडण्याचे हुकूम स्वतःच्या हातानें लिहितां लिहितां त्यांना तें कामच नकोसें झालें व त्यांनीं तें सोडलें. मेत्रेच्या वसाहतीला तट नव्हता. मुलें चाळीस-चाळीसांच्या 'कुटुंबां'त राहत, शेत नांगरीत, बागा फुलवीत. माणसाच्या हातून भूमि सुधारावी आणि भूमीच्या हातून माणूस, हें तेथील ब्रीद होतें. सुटलेल्या मुलांना भल्या शेतकऱ्यांकडे कामाला लावून त्यांची विचारपूस ठेवण्याची व्यवस्थाही आरंभीं होती. दूरदूरचे पाहुणे ती पाहून जात; इंग्लंडांत व हॉलंडांत तिच्या धर्तीवर संस्था निघाल्या.

परंतु शेत तेंच राहिलें, आणि शेतावरील हवा पालटली. ठोक्यासरशी उठणें, रांगेनें चालणें, चुकल्यास एकांतकोठडी, अशी लष्करी शिस्त मेत्रेंत होतीच. हळूहळू तीच सर्व व्यवस्थेची धनीण झाली. कोठड्यांच्या भिंतींवर मोठ्या काळ्या अक्षरांत 'देव तुला पाहतो आहे' असें लिहिलेलें असे. पाहणारा तो एकटाच उरला होता, असें म्हणावयाची वेळ पुढें आली. विसाव्या शतकांत मेत्रेचें नांव फ्रान्समध्यें छळाचें दुसरें नांव बनलें. झां जने हे लेखक किशोरवयांत तेथें होते. अखेरीस १९३० नंतरच्या दशकांत वृत्तपत्रांनीं ओरड केल्यावर ती वसाहत बंद पडली. अमेरिकेंतील मिसिसिपी राज्याची गोष्ट याहून वाईट. तेथें पार्चमन येथें १९०१ सालीं हजारों एकरांचा शेतकी तुरुंग काढण्यांत आला. गुलामगिरी कायद्यानें नष्ट होऊन छत्तीस वर्षें झालीं होतीं. तरी कृष्णवर्णीय कैद्यांच्या रांगा पहांटेपासून कापसाच्या शेतांत राबत, आणि त्यांच्यावर बंदुका रोखून उभे राहणारे पहारेकरीही कैद्यांतूनच निवडलेले असत. पीक उत्तम येई, आणि तिजोरींत भर पडे. कैद्याच्या हातीं मात्र कांहीं पडत नसे. तेव्हां उघडें आकाश व काळी माती एवढ्यावरून कोणत्याही तुरुंगाला उदार ठरविणें धोक्याचें आहे.

१९३९ सालीं औंध संस्थानांत जें घडलें तें या पार्श्वभूमीवर पाहिलें म्हणजे त्याचें वेगळेपण ध्यानांत येतें. औंध हें बहात्तर गांवांचें, तुकड्यातुकड्यांनीं विखुरलेलें लहानसें संस्थान. तेथील राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि हे चित्रकार व सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते म्हणून महाराष्ट्राला परिचित होते. त्याच वर्षाच्या जानेवारींत त्यांनीं महात्मा गांधींच्या सल्ल्यानें तयार झालेली घटना जाहीर करून राज्यकारभार प्रजेच्या हातीं दिला. या कामांत त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत यांच्या जोडीला एक विलक्षण गृहस्थ होते. मॉरिस फ्रीडमन यांचा जन्म १९०१ सालीं पोलंडमधील वॉर्सा शहरीं एका ज्यू कुटुंबांत झाला. शिक्षणानें ते इंजिनियर. बंगलोरच्या सरकारी विद्युत् कारखान्याचे व्यवस्थापक म्हणून ते हिंदुस्थानांत आले, आणि थोड्याच वर्षांत भगवीं वस्त्रें परिधान करून भारतानंद झाले. सूत काढण्याच्या धनुष-तकलीची रचना त्यांचीच. मुंबईच्या निसर्गदत्त महाराजांचीं मराठी संभाषणें १९७३ सालीं इंग्रजींत ग्रंथरूपानें आणणारे भाषांतरकारही हेच. यंत्र असो, घटना असो वा वेदान्त असो, हातीं घेतलेली गोष्ट मुळापासून तपासून पाहावयाची, हा त्यांचा स्वभाव होता. तुरुंगाकडेही त्यांनीं त्याच दृष्टीनें पाहिलें.

खुनासारख्या भयंकर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या माणसांनाही तटावांचून व बेड्यांवांचून उघड्या माळावर शेती करूं द्यावी, आणि त्यांचीं बायकामुलें त्यांच्याजवळ राहूं द्यावीं, अशी ही योजना होती. राजेसाहेबांनीं ती मान्य केली. आटपाडीजवळ वसाहत वसली आणि तिचें नांव ठेवण्यांत आलें स्वतंत्रपूर. कैद्यांच्या वस्तीला हें नांव देण्यांत थोडा विनोद आहे, असें एखाद्याला वाटेल. पण ठेवणारांनीं तें गंभीरपणेंच ठेवलें होतें.

या योजनेचें मर्म शेतींत होतें तितकेंच, किंबहुना त्याहून अधिक, बायकामुलांत होतें. माणदेश हा अवर्षणाचा मुलूख. पावसाचा भरंवसा नाहीं, विहिरीला पाणी बेताचें. अशा मुलखांत बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून, भाऊबंदकीच्या जुन्या वैरावरून कुऱ्हाड उगारली जाते, आणि ज्यानें आयुष्यांत दुसरा कोणताही गुन्हा केलेला नाहीं असा कुणबी जन्मठेपेचा कैदी होतो. तो तुरुंगांत गेला कीं शिक्षा एकट्याला होत नाहीं. बायको माहेरीं जाते किंवा दिराच्या ओसरीवर दिवस काढते. जमीन भाऊबंदांच्या वहिवाटींत जाते. पोरांना गांवांत खुन्याचीं पोरें म्हणून हांक पडते. दहा-चौदा वर्षांनीं सुटून आलेला माणूस आपल्याच दारांत पाहुण्यासारखा उभा राहतो. तुरुंगांत त्याला सुतारकाम किंवा विणकाम शिकविलेलें असलें तरी हें तुटलेलें घर तें कसब सांधूं शकत नाहीं. स्वतंत्रपुरांत घर तुटतच नसे. नवरा वाफे बांधतो आहे, बायको निंदणी करते आहे, पोर पाटाच्या पाण्यांत पाय सोडून बसलें आहे, असा संसार शिक्षेच्या मुदतींतच चालूं शकत होता. हजेरी मात्र चुकत नसे. पळून जाणें अशक्य नव्हतें. पण पळावयाचें कोणापासून, हा प्रश्न होता. भिंतीनें जें काम करावयाचें तें येथें चुलीवर सोपविलेलें होतें.

या प्रयोगाची कीर्ति सर्वदूर गेली ती बोलपटामुळें. ग. दि. माडगूळकर हे औंध संस्थानच्याच मातींत वाढलेले. त्यांच्या कथेवरून व्ही. शांताराम यांनीं १९५७ सालीं 'दो आँखें बारह हाथ' हा हिंदी चित्रपट काढला. सहा खुनी कैदी आणि त्यांना ओसाड रानांत घेऊन जाणारा एक तरुण जेलर, एवढेंच त्याचें भांडवल. १९५८ च्या बर्लिन महोत्सवांत त्याचा गौरव झाला; आणि चित्रीकरणांत बैलाशीं झुंजतांना शांतारामांच्या डोळ्याला जबर इजा झाली, ही हकीकत घरोघरीं सांगितली गेली. प्रेक्षकांना त्यांतील गाणीं आठवतात. पण बागाइतीच्या दृष्टीनें पाहतां त्याचा खरा रोख बाजारांत आहे. कैद्यांनीं कष्टानें पिकविलेली भाजी ते रास्त भावानें विकावयास बसतात, आणि भाव पडल्यामुळें व्यापारी चिडून उठतात. पीक काढणें ही अर्धीच परीक्षा. उरलेली अर्धी तुरुंगाच्या हद्दीबाहेर, तराजूपाशीं द्यावी लागते, हें कथालेखकानें अचूक ओळखलें होतें.

औंध संस्थान १९४८ च्या मार्चमध्यें मुंबई राज्यांत विलीन झालें; स्वतंत्रपूर मात्र राहिलें. उत्तर प्रदेशांत १९५२ पासून डॉ. संपूर्णानंद यांच्या प्रेरणेनें कैद्यांच्या खुल्या छावण्या निघाल्या. १९५५ सालीं संयुक्त राष्ट्रसंघानें जिनीव्हा येथें भरविलेल्या परिषदेनें भिंतीवांचूनच्या तुरुंगांची शिफारस केली. महाराष्ट्रांत येरवडा, पैठण येथें खुले तुरुंग झाले व तेथें शेतीचें काम मोठ्या प्रमाणावर चालूं लागलें.

स्वतंत्रपूर वसलें त्याच वर्षीं अमेरिकेंत जॉन स्टाइनबेक यांची 'ग्रेप्स ऑफ रॅथ' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. या दोन गोष्टींचा परस्परांशीं कांहींएक संबंध नव्हता. परंतु चाळीसएक वर्षांनीं त्या कादंबरींतूनच कॅलिफोर्नियांत तुरुंगाची एक बाग उभी राहिली, आणि औंधला जो प्रश्न घर न मोडतां सोडवितां आला, तोच मोडलेल्या घरांच्या महानगरांत कसा सोडवावा, याचा शोध तेथें सुरू झाला.

सॅन फ्रान्सिस्को शहराचा एक तुरुंग दक्षिणेस सॅन ब्रूनो येथें होता. १९३४ सालीं बांधलेल्या त्या इमारतीभोंवतीं पूर्वीं कैद्यांकडून शेती होत असे. नंतर ती सोडून देण्यांत आली आणि जमिनीवर कांटेरी झुडपें व मोडकें सामान यांचें राज्य झालें. कॅथरिन स्नीड या कृष्णवर्णीय बाई तेथें कैद्यांच्या सल्लागार म्हणून काम करीत. १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभीं त्यांना मूत्रपिंडाचा असाध्य म्हणण्यासारखा विकार झाला. वय तिशीच्या आंत, आणि डॉक्टरांनीं आशा सोडलेली. रुग्णालयांत पडल्या पडल्या त्यांनीं स्टाइनबेकची ती कादंबरी वाचली. जमीन गमावलेल्या शेतकऱ्यांची ती कथा वाचून त्यांच्या मनानें घेतलें कीं, मातीशीं संबंध असलेल्या माणसाला आशा असते आणि आपल्या कैद्यांना नेमकी तीच नाहीं. शहराचे शेरीफ मायकेल हेनेसी त्यांना भेटावयास आले, तेव्हां कैद्यांना बाहेर नेऊन बाग करूं द्यावी, अशी मागणी त्यांनीं केली. मरणोन्मुख माणसाची इच्छा म्हणून त्यांनीं होकार दिला असेल. पण बाई बऱ्या झाल्या, आणि दिलेला शब्द पाळावा लागला.

प्रारंभीं मोजके कैदी, आणि अवजारांच्या नांवानें शून्य. झुडपें हातांनीं उपटावीं लागलीं. येथें एक गोष्ट विसरतां येत नाहीं. ज्यांच्या पणज्या-पणजोबांनीं कापसाच्या मळ्यांत गुलामी केली, आणि ज्यांच्या जातभाईंनीं पार्चमनसारख्या ठिकाणीं बंदुकीच्या धाकाखालीं जमीन कसली, त्यांच्या हातीं पुन्हां तुरुंगानेंच कुदळ द्यावी, हें सहज पचणारें नव्हतें. फरक पडला तो पिकाच्या वाटेमुळें. सॅन ब्रूनोची भाजी तिजोरीसाठीं नव्हती. ती बेघरांच्या अन्नछत्रांना आणि एड्सनें खंगलेल्या रोग्यांना जेवण पोंचविणाऱ्या संस्थेला जाई. समाजाकडून आजवर घेतच आलेला किंवा हिसकावीत आलेला माणूस येथें प्रथमच देणारा झाला. शिवाय बागकामाला स्वतःची एक शिस्त आहे आणि ती पहारेकऱ्याच्या शिस्तीहून वेगळी आहे. रोपाला पाणी चुकलें तर रोप रागावत नाहीं, तें मरतें. मुळ्याला महिना पुरतो. फळझाडाला वर्षें लागतात. रोजच्या नशेच्या हिशेबानें जगलेल्या माणसाला पुढच्या महिन्याचा विचार करावयास लावणारी ही शाळा आहे.

तरीही स्नीडबाईंना थोड्याच काळांत एक विचित्र गोष्ट दिसूं लागली. बागेंत उत्तम काम करणारे कैदी सुटका जवळ आली म्हणजे हिरमुसले होत. सुटल्यावर बागेंत परत येऊं द्या म्हणून विनवीत. आणि कित्येक खरोखरच परत येत, पण हातांत बेड्या पडून. याहून मोठी कबुली तुरुंगाच्या बागेनें कोणती द्यावी? आंत बाग होती, बाहेर कांहींच नव्हतें. त्यांतले बरेचजण हंटर्स पॉइंट-बेव्ह्यू या वस्तीचे. तेथें एकेकाळीं नौदलाची मोठी गोदी होती. १९७४ सालीं ती बंद झाली आणि तिच्याबरोबर हजारों हातांचें कामही गेलें.

म्हणून दुसरी बाग फाटकाबाहेर काढणें प्राप्त झालें. त्याच वस्तींत एका बेकरीच्या मागें अर्ध्या एकराची पडीक जागा होती. बेकरीच्या मालकाच्या साहाय्यानें ती साफ करण्यांत आली, आणि १९९२ सालीं तेथें 'गार्डन प्रोजेक्ट' ही संस्था रीतसर उभी राहिली. येथें सुटलेल्या माणसांना रोजगार मिळे. अट एवढीच कीं, नशापाणी बंद, आणि अपुरें राहिलेलें शालेय शिक्षण पुरें करावयाचें. बर्कली येथील ॲलिस वॉटर्स यांचें प्रसिद्ध उपाहारगृह ही भाजी विकत घेई. ती दयेपोटीं घेतली जात नव्हती. भाजी ताजी व उत्तम होती म्हणून घेतली जात होती, आणि पिकविणाराच्या दृष्टीनें हा भेद मोठा होता. पुढें रस्त्याकडेला झाडें लावण्याचें काम शहरानें संस्थेला दिलें. ज्या रस्त्यांवर पूर्वीं हीं माणसें पोलिसांना चुकवून फिरत, त्याच रस्त्यांवर तीं भर दिवसा आळीं खणूं लागलीं.

अशा बागांतून गेलेले कैदी पुन्हां गुन्ह्याकडे कमी वळतात, असें सांगणारे आकडे वेळोवेळीं पुढें केले जातात. ते खोटे मानण्याचें कारण नाहीं. पण जपून वाचावे हें बरें. बागेंत येणारा कैदी बहुधा स्वतःहून आलेला असतो, आणि स्वतःहून येणारा माणूस सुधारणेच्या वाटेवर अर्धा चालून आलेलाच असतो. त्यामुळें किती श्रेय मातीचें, किती मजुरीचें आणि किती त्या माणसाचें, हें वेगळें काढणें कठीण आहे. एवढें मात्र दिसतें कीं, या क्षेत्रांत टिकून राहिलेल्या संस्थांनीं फाटकाबाहेरचा दुवा सोडलेला नाहीं. न्यूयॉर्कच्या रायकर्स बेटावरील तुरुंगांत तेथील हॉर्टिकल्चरल सोसायटीनें १९९० नंतरच्या दशकांत बाग व काचगृह उभारलें, तेव्हां सुटलेल्यांना शहरांतील सार्वजनिक बागांत पगारी उमेदवारी देणारी तुकडीही जोडीला काढली. सॅन क्वेन्टिन या कडेकोट तुरुंगांत २००२ पासून बागकामाचे वर्ग सुरू झाले. त्यांतून सुटलेल्या कांहींना ओकलंड येथील 'प्लँटिंग जस्टिस' या संस्थेनें लोकांच्या परसांत भाजीचे वाफे करून देण्याच्या कामावर घेतलें.

महाराष्ट्रांतील खुल्या तुरुंगांकडे या दृष्टीनें पाहिलें म्हणजे दोन अडचणी समोर येतात. पहिली अशी कीं, तेथें प्रवेश मिळतो तो शिक्षेचा कांहीं भाग चांगल्या वर्तणुकीनें भोगलेल्या पक्क्या कैद्याला. देशांतील तुरुंगांत २०२२ अखेर सुमारें तीन-चतुर्थांश माणसें कच्चे कैदी होतीं. त्यांचा खटलाच संपलेला नव्हता. कायद्यानें त्यांच्याकडून सक्तीचें काम घेतां येत नाहीं, आणि सुटकेची तारीख ठाऊक नसल्यामुळें तिची तयारी कोणी करीत नाहीं. कोवळीं पोरें याच बराकींत वर्षेंच्या वर्षें बसून असतात. खुरपें त्यांच्यापर्यंत क्वचितच पोंचतें.

दुसरी अडचण स्वतंत्रपुराची स्वतःची आहे. ती वसाहत आज सांगली जिल्ह्यांत मोडते, आणि कैदी तेथें कुटुंबासह शेती करीत राहिले आहेत. खुल्या तुरुंगांत केलेल्या कामाबद्दल शिक्षेंत अधिक सूट मिळते, म्हणून सुटकेचा दिवसही लौकर येतो. परंतु जमीन सरकारची आहे. तो दिवस आला म्हणजे कैद्याला मोकळीक मिळते आणि जमीन सुटते. खोली रिकामी करून बायकामुलांसह त्याला गांवची वाट धरावी लागते. गांवीं त्याच्या वाटणीचें वावर कोणाच्या वहिवाटींत आहे, हें त्याला तेथें गेल्यावर कळतें. आणि त्यानें बांधलेल्या वाफ्यांना त्या आठवड्याचें पाणी मागाहून आलेला कैदी देतो.